७२५ला कुठं बसवायचं?

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या ऑफिसात कुणी मोठ्यानं बोलत नाही. बोललं की दुसऱ्याची बेरीज चुकते. पंखा लावला की निकालपत्रकं उडतात, बंद केला की मनगटाचा घाम कागदाला चिकटतो. त्यामुळे पट्ट्या, पंच मशीन, स्टॅम्प पॅडचा डबा, मिळेल ते कागदावर ठेवून आम्ही बसलेलो असतो. सकाळची शाळा सुटून पोरं घरी गेलेली. आडवी बेरीज आणि उभी बेरीज जुळली की एखादा ‘हुश्श’ ऐकू येतो, एवढाच काय तो आवाज.

माझ्या कपाटाच्या दाराला आतून एक तक्ता चिकटवलेला आहे, शेकडा गुणांवरून श्रेणी ठरवायचा. कडा पिवळ्या पडल्यात, सेलोटेप दोनदा बदललीय. ९१ ते १०० अ-१. ८१ ते ९० अ-२. ७१ ते ८० ब-१. ६१ ते ७० ब-२. ५१ ते ६० क-१. ४१ ते ५० क-२. ३३ ते ४० ड. २१ ते ३२ इ-१. २० आणि त्याखाली इ-२. पहिली ते आठवीच्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचा शासन निर्णय २० ऑगस्ट २०१०चा. शिक्षणहक्क कायद्यामागून तो आला आणि तेव्हापासून हा तक्ता आमच्या मानेवर बसलाय. पाठ असूनही दरवर्षी मी दार उघडून एकदा बघते. मंगळसूत्र जागेवर आहे ना हे बघायला हात जातो, तसं आहे ते.

आज लिहायचंय ते या तक्त्यातल्या एका भोकाविषयी. मला ते सापडायला तीन वर्षं लागली, आणि सापडलं तेही माझ्या हुशारीनं नव्हे. एका आजींमुळे.

२०१३चा १ मे. तेव्हा मी माण तालुक्यातल्या एका मोठ्या गावात सातवी अ तुकडीची वर्गशिक्षिका होते. झेंडावंदन झालं, कामगार दिन आणि महाराष्ट्र दिनावरची दोन भाषणं झाली, पोरांना गोळ्या वाटल्या आणि वर्गावर्गांत निकाल वाटून आम्ही ऑफिसात चहा घेत होतो. पोरं तोवर पांगलीसुद्धा होती. तेवढ्यात एक आजी आल्या. एका हाताला नातू, दुसऱ्या हाताला नात. चुलत भावंडं. नात माझ्या वर्गात, नातू शेजारच्या ब तुकडीत. आजींनी दोन्ही प्रगतिपत्रकं टेबलावर पत्ते टाकावेत तशी टाकली.

“बाई, हिला काय पडलंय?”

“अ-दोन, आजी.”

“आन ह्याला?”

“ब-एक.”

“त्येच इचारतीया. पोरगं ब तुकडीत हाय म्हनून त्येला ब दिलाय व्हय?”

ऑफिसात सगळे हसले. मीही हसले. आजी नाही हसल्या. “सालभर बघतीया मी. हिच्यापरीस ह्येला दोन मार्क जास्तीच पडत्यात. मग आजच कसं उलटं झालं?”

त्यांना समजावायला म्हणून मी दोन्ही तुकड्यांची निकालपत्रकं काढली. प्रगतिपत्रकावर गुण नसतात, फक्त श्रेणी. गुण आमच्याकडच्या त्या लांबलचक कागदावर. नात: ९०० पैकी ७२५. नातू: ९०० पैकी ७२६.

आजींचं बरोबर होतं. एक गुण जास्त असलेल्या पोराला खालची श्रेणी मिळाली होती.

माझा चहा तसाच राहिला. मी पुन्हा बेरीज केली. सातवीला नऊ विषय. मराठी, हिंदी, इंग्रजी, गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्रे, आणि कला, कार्यानुभव, शारीरिक शिक्षण. प्रत्येकी १००, म्हणून ९००. ७२५ला नऊनं भागलं की ८०.५६. ७२६ला भागलं की ८०.६७. आता तक्ता बघा. ७१ ते ८० ब-१, ८१ ते ९० अ-२. ८०.५६ कुठं बसतं? ८०च्या खाली नाही, ८१च्या वर नाही. दोन पायऱ्यांच्या मधल्या फटीत लोंबकळतंय.

मी काय केलं होतं? अर्ध्याच्या पुढे गेलं की वरचा पूर्णांक, हे मी पोरांना गणितात शिकवते, तेच इथं वापरलं. ८०.५६ म्हणजे ८१, म्हणजे अ-२. ब तुकडीच्या सरांचं म्हणणं सरळ होतं: “तक्त्यात ८१ लिहिलंय ना? मग ८१ पाहिजेत. ८०.६७ म्हणजे काय ८१ झाले का? मोटारसायकलचं लायसन काढायला सतरा वर्षं आठ महिने चालतात का?” तेवढ्यात सहावीच्या बाई पलीकडून म्हणाल्या, “अहो, मी तर ८०च्या जरा वर गेलं की अ-२ देते. ब-१ची हद्द ८०ला संपली, मग पुढचं सगळं अ-२च की.”

एका ऑफिसात, एका तक्त्याखाली तीन कायदे. तिघांपैकी कुणाचंच चुकत नव्हतं, हीच पंचाईत.

त्या दिवशी मुख्याध्यापकांनी तोडगा काढला: जवळच्या पूर्णांकात आणायचं, सगळ्या वर्गांना एकच नियम. नातवाचं प्रगतिपत्रक बदलायचं ठरलं. खाडाखोड चालत नाही, व्हाइटनर तर अजिबात नाही, म्हणून उरलेल्या कोऱ्या पत्रकांतलं एक शोधलं. सरांनी ते पुन्हा पहिल्यापासून लिहून काढलं. नऊ विषयांच्या श्रेण्या, दोन्ही सत्रांच्या नोंदी, उपस्थिती, वजन, उंची. शिक्का, सही. आजी तोवर बाहेर लिंबाखाली बसून होत्या. नवं पत्रक हातात देताना सर म्हणाले, “घ्या आजी, आता दोघांना अ-दोन.”

मला वाटलं आता खूश होतील. आजींनी दोन्ही पत्रकं शेजारी शेजारी धरली. त्यांना वाचता येत नव्हतं, पण दोन अक्षरं एकसारखी आहेत हे दिसत होतं.

“आता दोघं सारखीच व्हय?”

“हो, सारखीच.”

“अवो पर ह्येला एक मार्क जास्तीचा हाय म्हनालासा की तुमीच!”

यावर आमच्यापैकी कुणाकडेच उत्तर नव्हतं. नात मात्र भावाला चिमटा काढत होती.

घरी आल्यावर रात्री मी भाजीच्या यादीच्या मागे हिशोब मांडला. बरोबर ८० टक्के म्हणजे ७२०. बरोबर ८१ म्हणजे ७२९. मधले ७२१ ते ७२८, हे आठ आकडे बेवारशी. तक्त्यात अशा हद्दी आठ आहेत, २०–२१ पासून ९०–९१ पर्यंत. आठ आठे चौसष्ट. शून्य ते ९०० मधल्या चौसष्ट बेरजा अशा, की ज्या कुणाला पडल्या तर त्याची श्रेणी तक्त्यावरून ठरतच नाही, वर्गशिक्षकाच्या स्वभावावरून ठरते. नवरा म्हणाला, “झोप आता.” त्याचंही बरोबर होतं.

एकेका विषयापुरता हा घोळ होत नाही, कारण तिथं १०० पैकी पूर्ण गुण असतात. गणितात ८० किंवा ८१, मधलं काही नाही. ज्यांनी तक्ता केला त्यांच्या डोळ्यासमोर बहुधा विषयच असावा. घोळ सुरू होतो तो बेरजेला भागल्यावर. आणि बेरीज केल्याशिवाय आपल्याकडे कुणाचा जीव शांत होत नाही.

आता ते १०० गुण बनतात कसे, तेही सांगते, कारण बाहेरच्यांना वाटतं पेपर तपासला की झालं. सातवी-आठवीला ४० गुण आकारिक, म्हणजे सत्रभर वर्गात चाललेल्या कामाचे, आणि ६० संकलित, म्हणजे सत्राच्या शेवटच्या परीक्षेचे. पहिली-दुसरीला हेच ७० आणि ३०, तिसरी-चौथीला ६० आणि ४०, पाचवी-सहावीला निम्मे निम्मे. पोर जसं मोठं होतं तसा पेपर मोठा होत जातो. सातवीच्या त्या ६० मध्ये ५० लेखी आणि १० तोंडी किंवा प्रात्यक्षिक. आणि आकारिकचे ४० येतात दैनंदिन निरीक्षण, तोंडीकाम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय आणि गटकार्य, सहाध्यायी मूल्यमापन वगैरे इतर, अशा आठ साधनांतून. म्हणजे बिजागरी मोडलेल्या दारासारखं कुरकुरणारं एखादं पोर वर्गात उभं राहून कविता म्हणतं, तेव्हा मी त्याला ५ पैकी ३ देते की ४, यावर काही महिन्यांनी त्याचं अ-२ होणार की ब-१ हे टांगलेलं असतं. ७२५ मधले निम्म्याहून जास्त गुण असेच आलेले असतात. कला, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षणाचे तर सगळेच. आणि मग आपण दोन दशांश स्थळांपर्यंत टक्के काढतो! ढोबळ अंदाजानं धान्य मापायचं आणि सोनाराच्या काट्यावर भाव ठरवायचा, असला प्रकार.

श्रेणी आली ती याच वेडेपणावर इलाज म्हणून. प्रशिक्षणात आम्हाला सांगितलं होतं की एक-दोन गुणांनी मूल कमी-जास्त ठरत नाही, म्हणून गट करायचे, नंबर काढायचा नाही. मला ते तेव्हाही पटलं होतं आणि आजही पटतं. कारण नंबर काय असतो ते मी भोगलंय. माझे वडील एसटीत कंडक्टर. प्रगतिपुस्तकातल्या दोनच जागा ते बघायचे, शेकडा प्रमाण आणि नंबर. चौथीच्या सहामाहीला माझा नंबर अकरावा आला. वडिलांनी तिकिटांच्या हिशोबाला वापरायच्या त्याच पेनानं सही केली आणि म्हणाले, “तुझ्या पुढं दहाजण बसलेत. एवढं लक्षात ठेव.” रागावले नाहीत. पण पुढचं सबंध सत्र मला वर्गात ती दहा डोकीच दिसत होती. त्यांतली दोन आज माझ्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आहेत आणि अजूनही मी त्यांच्या मागेच आहे असं मला अधूनमधून वाटतं.

तर नंबर गेला हे चांगलंच झालं. पण हिशोब बघा. जवळच्या पूर्णांकाचा नियम धरला तर ७२५ वाल्याला अ-२ आणि ८१४ वाल्यालाही अ-२. दोघांत ८९ गुणांचा फरक, अक्षर एकच. आणि ७२४ वाल्याला ब-१. त्याच्यात आणि ७२५ मध्ये फरक एका गुणाचा. म्हणजे ८९ गुण पुसून टाकले आणि एका गुणाला गावची वेस करून ठेवली. टक्क्यांत लिहिलं असतं तर ८०.४४ आणि ८०.५६ बघून कुणी दोन पोरांची तुलना केली नसती. अक्षर बदललं की मात्र दोन वेगळ्या जातीची पोरं वाटायला लागतात.

आणि पालक? ते अक्षर घेतात आणि दारातून बाहेर पडायच्या आत त्याचे पुन्हा टक्के करतात. “बाई, अ-दोन म्हणजे नव्वद धरायचं का?” हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की आता ‘धरा’ म्हणून मोकळी होते. एका वडिलांनी तर सरासरी काढली होती, ८१ आणि ९०च्या मधले ८५.५, आणि तेच पावण्यांना सांगितलं. त्या पोराचे खरे होते ८१. माणूस खोटं बोलत नव्हता. आम्ही सांगितलं नाही म्हणून त्यानं गणित केलं.

अक्षराच्या शेजारी आम्ही जे लिहितो ते मात्र कुणी वाचत नाही. वर्णनात्मक नोंदी. विशेष प्रगती, आवड व छंद, सुधारणा आवश्यक. खरं तर या सगळ्या पद्धतीतला जीव तिथं होता. सुरुवातीची दोन वर्षं मी जीव ओतून लिहिलं. ‘अपूर्णांक भाकरीचे तुकडे करून समजावले तर लगेच कळतात, फळ्यावर कळत नाहीत.’ ‘गटात बोलत नाही, पण गटाचं सगळं काम हीच करते.’ मग तयार नोंदींच्या पीडीएफ फिरू लागल्या. ‘वर्गातील उपक्रमात उत्साहाने सहभागी होतो.’ ‘गणितीय क्रिया अचूक करतो.’ ‘हस्ताक्षर सुंदर व वळणदार आहे.’ ४३ पोरं, नऊ विषय, दोन सत्रं आणि वर जनगणनेपासून मतदारयादीपर्यंतची कामं. मीही उतरवल्या. एका वर्षी घाईत एका मुलीसमोर ‘सहभागी होतो’ राहून गेलं. तिच्या आईनं नव्हे, तिनंच दाखवलं. “बाई, हे माझं नाही, कुणातरी पोराचं आहे.” पोराचंही नव्हतं. कुणाचंच नव्हतं ते.

सीबीएसईवाले यातून सुटले असतील असं मला वाटायचं. भाचा पुण्याला, २०१२ साली दहावी झाला. तेव्हा त्यांच्याकडे दहावीला गुण देतच नसत, विषयागणिक श्रेणी आणि सगळ्यांची मिळून सीजीपीए, म्हणजे श्रेणीगुणांची दहापैकी सरासरी. एका विषयात १० आणि चारांत ९, म्हणून भाच्याला ९.२. घरात पेढे आले आणि पाठोपाठ प्रश्न: म्हणजे किती टक्के? त्यावर बोर्डानंच उपाय दिलेला होता, ९.५नं गुणा. ८७.४. गंमत अशी की पाचही विषयांत ९१ पडलेल्याची सीजीपीए १०, आणि पाचही विषयांत १०० पडलेल्याचीही १०. दोघेही गुणाकार करून ९५. एक चार टक्के वर चढला, दुसरा पाच टक्के खाली उतरला, आणि दोघं अकरावीच्या प्रवेशाच्या रांगेत एकाच जागी उभे. २०१७ साली ती पद्धतच गेली आणि पुढच्या दहावीला गुण परत आले. बारावीच्या पत्रिकेवर ए-१ असतो तोसुद्धा ठरावीक टक्क्यांना नसतोच. त्या विषयात पास झालेल्या मुलांना क्रमानं लावायचं आणि वरच्या एक अष्टमांशांना ए-१ द्यायचा. म्हणजे यंदा ९१ला मिळेल तो पुढच्या साली ९३ला मिळेलच असं नाही. आजींना हे कळलं असतं तर त्यांनी बोर्डाच्या ऑफिसात जाऊन बसकण मारली असती.

आमच्या राज्य मंडळाच्या दहावीचं निराळंच. ७५ला विशेष प्राविण्य, ६०ला प्रथम श्रेणी, ४५ला द्वितीय, ३५ला पास. सातवीला ३३ला ‘ड’ घेऊन पुढं गेलेलं पोर दहावीला ३३वरच थांबलं तर नापास. दोन गुणांची ही खाच कुणी का ठेवली कोण जाणे. नववीच्या वर्गशिक्षकांना विचारा, ते सांगतील त्या खाचेत किती पोरं अडकतात.

आता हातानं बेरीज कमीच. निकालाची तयार एक्सेल शीट येते. कुणीतरी कष्टाळू शिक्षकमित्र बनवतो, ग्रुपवर टाकतो आणि निम्मा तालुका वापरतो. गुण भरले की टक्के आणि श्रेणी आपोआप. नव्या सरांना वाटतं, संगणक आला म्हणजे वाद मिटला. पण त्या शीटच्या पोटातसुद्धा कुणीतरी ‘८०पेक्षा मोठं असेल तर’ किंवा ‘८१ किंवा जास्त असेल तर’ असं लिहिलेलंच असतं. फरक एवढाच की आता तो माणूस आमच्या ऑफिसात चहा पीत नाही, तो कुठल्या तालुक्यात आहे हेही ठाऊक नसतं.

म्हणून शीट आली की मी आधी एक खोटं पोर तयार करते. पटावर नसलेलं, ४४ नंबरचं. त्याला नऊ विषयांत मिळून ७२५ गुण देते आणि श्रेणीचा रकाना बघते. मग एक गुण काढून घेते आणि पुन्हा बघते. गेल्या वर्षीच्या शीटनं दोन्हींना अ-२ दिलं होतं. त्याच्या आदल्या वर्षीच्या शीटनं दोन्हींना ब-१. यंदाच्या शीटमध्ये ७२५ला अ-२ आलं, ७२४ला ब-१. शेजारी बसलेले सहावीचे नवे सर बघत होते. म्हणाले, “मॅडम, हे काय चाललंय?” मी म्हटलं, “आजींची चाचणी.” त्यांना काही कळलं नाही आणि मलाही एवढं सगळं सांगायचा कंटाळा आला. म्हणून इथं लिहितेय.

खोटं पोर पुसलं आणि खरी ४३ भरली. चौतिसाव्या ओळीला बेरीज आली ७२३.

८०.३३. ब-१. शीट बरोबर, तक्ता बरोबर, नियमही आमचाच. पोरगा मेंढपाळाचा, दिवाळीनंतर कळप घेऊन घरचे खाली उतरले की हा चुलत्याकडे राहतो. दोन गुण. कार्यानुभवाच्या प्रकल्पाला त्याला मी ७ दिलेत. त्यानं लोकरीची घोंगडी कशी होते ते लिहिलं होतं, कातरण्यापासून मागापर्यंत, स्वतः बघितलेलं. शुद्धलेखन वाईट म्हणून मी ७ दिले होते. कार्यानुभवाला शुद्धलेखनाचं मी का बघितलं, ते आता आठवत नाही.

निकाल अजून सही होऊन गेलेला नाही. प्रकल्पवह्यांचा गठ्ठा माझ्याच कपाटात आहे, त्या तक्त्याच्या दारामागे.